पायवाट रुंद होते तेव्हा

आता वेताळ टेकडीकडे येऊ. इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी सकाळी तिथे जात असतील, त्यामुळे वर्णन करत बसत नाही. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि बोगदे यांच्याविरोधात 2023 च्या एप्रिलमध्ये पुणेकरांनी मोर्चा काढला, तो आठवत असेल. आमचं मत सरळ आहे: रस्ता नको. फोडलेली टेकडी परत जोडता येत नाही. पण त्यावर पुष्कळ बोलून झालंय. आज बोलायचंय ते आपल्या फिरण्याबद्दल.

हे जंगल पानगळीचं, विरळ. सालई, गणेर, पळस, मेडशिंग अशी झाडं आणि मधे गवत. एप्रिलमध्ये ते उजाड दिसतं आणि लगेच कुणीतरी म्हणतं, झाडं लावूया! याच घाईतून मध्य अमेरिकेतली गिरीपुष्प, म्हणजे उंदीरमारी, आपल्या टेकड्यांवर आली. भराभर वाढली, हिरवी दिसली. पण तिच्या दाटीत गवत टिकत नाही आणि आपली झाडं मागे पडतात. उजाड दिसणारी जमीन रिकामी नसते. रातवा घरटं बांधतच नाही, पाचोळ्यात उघड्यावर अंडी घालतो. तुमचा पाय अगदी जवळ येईपर्यंत हलत नाही, इतका तो मातीशी मिसळून जातो. मोकळा सोडलेला कुत्रा मात्र वासानं तिथे पोचतो. पक्षी उडाला की अंडी उन्हात!

आता पायवाटा. पावसात वाटेवर चिखल होतो, आपण कडेच्या गवतावरून जातो. गवत मरतं, माती दाबली जाते, पाणी मुरायच्या ऐवजी वाहू लागतं, घळ पडते. मग आपण आणखी कडेनं जातो. दोन-चार पावसाळ्यांत एक माणूस जाईल एवढ्या वाटेची बैलगाडी जाईल एवढी होते. उतारावर शॉर्टकट काढले की हेच आणखी वेगानं होतं.

थोडं गणित करू. एक किलोमीटर लांब-रुंद जंगल धरा, म्हणजे 100 हेक्टर. मधून एक वाट. लाजरे पक्षी तिच्या दोन्ही बाजूंना 50 मीटर सोडून राहतात असं समजा. 10 हेक्टर गेले. अशा पाच वाटा अंतराअंतरानं काढल्या तर 50 हेक्टर, म्हणजे अर्धं जंगल. एकही झाड न तोडता! वरून फोटो काढला तर सगळं हिरवंगार दिसेल. पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग पाचोळा उलटून किडे खातो. त्याला वाटांच्या मधला शांत भाग लागतो, फोटोतला हिरवा रंग नाही.

मग फिरायला जायचंच नाही का? जायचं. रोज येणारी माणसं नसती तर त्या रस्त्याविरुद्ध बोललं कोण असतं? कुंपण घालून टेकडी बंद करणं आम्हाला पटत नाही. मुख्य वाटा राहू द्या, चिखलाच्या जागी दगड बसवा, म्हणजे कडेनं जावं लागणार नाही. समांतर वाटांच्या तोंडाशी बोरी-बाभळीच्या फांद्या टाका. गवत आपलं आपण परत येतं, रोपं लावायची गरज नाही. कुत्र्याला पट्टा. अंधारात हेडलाइट लावून पळणं बंद.

आणि खड्डे खणण्याआधी तिथे आज काय उगवतंय ते एक पूर्ण वर्ष बघा. पावसाळ्यात तर नक्कीच बघा, कारण कंद तेव्हाच वर येतात.