उतारवयातील पायी वारीची पूर्वतयारी

उतारवयातील पायी वारीची पूर्वतयारी म्हणजे साठीच्या आसपास किंवा त्यानंतर पंढरपूरला पायी जाऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीने आधीच्या काही महिन्यांत केलेली शारीरिक व वैद्यकीय सिद्धता होय. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किमी आहे. मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी याहून लांबचा, सुमारे महिनाभराचा प्रवास करते. तिच्या मार्गात मस्तगड किल्ला असलेले जालना शहर येते.

सराव

वाढत्या वयाबरोबर स्नायूंची ताकद व हाडांची घनता घटते. सरावाने दम तुलनेने लवकर वाढतो. हाडे व स्नायुरज्जू मात्र भार पेलण्यास सावकाश सरावतात. त्यामुळे दम लागत नाही म्हणून अंतर एकदम वाढवल्यास टाच, गुडघा किंवा पोटरी दुखावते. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम, दोन दिवस स्नायूंचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सुचवते. वारीसाठी याशिवाय सलग दिवस चालण्याचा सराव लागतो, कारण थकवा दिवसागणिक साचत जातो. पुणे ते सासवड हा सुमारे ३० किमीचा टप्पा दिवे घाट चढून जातो. म्हणून चढाचा सरावही आवश्यक ठरतो.

पायांची निगा

नवे जोडे वारीत प्रथमच न घालता सरावातच रुळवावे लागतात. पावसात भिजलेल्या पायांना लवकर फोड येतात. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असल्यास जखम झाल्याचे कळत नाही व ती चिघळू शकते. अशा व्यक्तींनी मुक्कामी रोज तळवे व बोटांमधील जागा तपासणे गरजेचे असते.

औषधोपचार

इन्सुलिन व मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची रक्तशर्करा दिवसभराच्या चालण्याने धोकादायकरीत्या उतरू शकते. एकादशीच्या उपवासाने हा धोका वाढतो. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उन्हात शरीरातील पाणी लवकर घटते. औषधांच्या मात्रेत बदल करायचा असल्यास तो निघण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा लागतो.

सामान

दिंडीचे जड सामान वाहनातून जाते. औषधे, पाणी, साखर, तसेच आजार व नातेवाइकांचा दूरध्वनी क्रमांक नोंदवलेली चिठ्ठी मात्र स्वतःजवळ ठेवावी लागते. छातीत दुखणे, चक्कर किंवा पायावरील सूज ही चालणे थांबवण्याची लक्षणे मानली जातात.