स्फोटाची लाट आणि मानवी शरीर

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ ह्या जहाजाला आग लागली. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्ये होती आणि त्यांच्याच जोडीला कापसाच्या गासड्या! दुपारी चारच्या सुमारास एक व त्यानंतर अर्ध्या तासाने दुसरा, असे दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे दगावली. त्यांत आग विझविण्यास गेलेले ६६ अग्निशामक होते. कित्येक मैलांवरील खिडक्यांची तावदाने फुटली.

जेथे धातूचा तुकडाही पोचत नाही, तेथे काच का फुटावी? स्फोटक द्रव्याचे क्षणार्धात तप्त वायूत रूपांतर होते. हा वायू सभोवतालची हवा दाबीत सुटतो आणि दाबलेल्या हवेची भिंतच ध्वनीपेक्षा अधिक वेगाने पुढे सरकते. हीच आघातलहर होय. अंतर वाढेल तशी ती क्षीण होऊन शेवटी केवळ आवाज उरतो.

शरीराचा बराच भाग पाण्याचा असल्यामुळे स्नायूंतून ही लहर फारशी हानी न करता निघून जाते. जेथे मांस आणि हवा ह्यांची गाठ पडते, तेथे मात्र ती घात करते: कान, फुप्फुसे व आतडी. वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एकतृतीयांश इतका जादा दाब एकाएकी पडला तरी कानाचा पडदा फाटू शकतो. फुप्फुसांना इजा होण्यास ह्याच्या काही पट दाब लागतो. तेव्हा वायुकोशांच्या नाजूक भिंती फाटून त्यांत रक्त साचते. कातडीवर ओरखडाही नसतो. म्हणूनच ही जखम फसवी. कान शाबूत आहेत, एवढ्यावरून फुप्फुसे सुरक्षित आहेत असे मानता येत नाही.

ही लहर नाकातोंडातून आत शिरते, असा पूर्वी एक तर्क होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सॉली झुकरमन ह्यांनी इंग्लंडात प्राण्यांवर प्रयोग केले. स्फोटाकडील बाजूच्या फुप्फुसास अधिक इजा झालेली आढळली. अर्थात आघात छातीच्या भिंतीवरूनच आत पोचतो.

बंद खोलीत लहर भिंतींवरून परतून पुन्हा आदळते, म्हणून तेथील धोका अधिक. उघड्यावर बहुतेक जखमा उडालेल्या तुकड्यांनी किंवा माणूस फेकला गेल्याने होतात.

उपचारही नाजूकच. प्राणवायू द्यावा लागतो. परंतु यंत्राने जोराने हवा भरल्यास फाटलेल्या वायुकोशांतून ती रक्तात शिरते आणि तिचे बुडबुडे मेंदूच्या किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडकू शकतात.