जुना संगणक आणि नवी हार्ड डिस्क

जालन्याहून मंठ्याकडे जाताना वाटूर लागते. तेथील आमच्या एका आप्तांच्या घरी विंडोज एक्स्पीचा संगणक अद्यापि नांदत आहे. तरुण मंडळींस तो अडगळ वाटतो. परंतु कैलासवासी आजोबांची कीर्तनाची टिपणे त्यात ‘श्री-लिपी’च्या जुन्या टंकात आहेत, आणि तो टंक नसलेल्या यंत्रावर नुसती निरर्थक चिन्हे उमटतात. सबब यंत्र राहिले. घरातील छायाचित्रांचीही सोय व्हावी म्हणून त्यात ३ टेराबाइटची हार्ड डिस्क बसविली, तो संगणक म्हणतो, ‘जागा ७४६ गिगाबाइट!’ दुकानदाराने फसविले, असेच सर्वांस वाटले.

फसवणूक मुळीच नव्हती. डिस्कवर ५१२ बाइटांचे खण असतात व प्रत्येकास क्रमांक असतो. १९८३ पासून चालत आलेल्या एमबीआर नामक विभागणीत या क्रमांकास ३२ बिटांचीच जागा आहे. तीत ४२९ कोटी ४९ लक्ष ६७ हजार २९६ खण, म्हणजे सुमारे २.२ टेराबाइट, एवढेच मोजता येतात. घरपट्टीच्या वहीत क्रमांकास तीनच रकाने असले, तर हजाराव्या घराचा एक गळून नुसती शून्ये उरावयाची. तद्वत येथे २.२ टेराबाइट गळून वरची शिल्लक तेवढी दिसली.

याहून घातक मर्यादा १३७ गिगाबाइटांची. २००१ सालच्या मूळ एक्स्पीस २८ बिटांचेच क्रमांक कळत; २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने ते ४८ केले. तो न घातलेल्या संगणकास अन्यत्र विभागून आणलेली मोठी डिस्क जोडली, तर १३७ च्या पुढील लेखन पुनः आरंभीच्या खणांवर होण्याचे भय असते, आणि फाइलींची अनुक्रमणिका बहुधा तेथेच असते! नव्या जीपीटी पद्धतीची डिस्क तर ३२ बिटांच्या एक्स्पीस उघडतच नाही. अशा वेळी ती ‘नव्याने विभागू’ जाऊ नये, आतील सर्व जाईल.

मी त्यांस विचारले, टिपणांस एवढी जागा हवी कशास? हजार पानांचा मजकूर काही मेगाबाइटांत मावतो. मोठी डिस्क छायाचित्रांसह नव्या संगणकाकडे गेली. एक्स्पीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्यामुळे जुन्या यंत्राची इंटरनेटची तारही काढली. टिपणांच्या दोन प्रती झाल्या असून, युनिकोडमध्ये उतरविताना बिघडलेली जोडाक्षरे काकू दुपारी चष्मा लावून सुधारीत असतात. सध्या नारदाचे आख्यान चालू आहे.