तिथी बघून निघावं

कुत्र्याला घेऊन काशीदला जायचं असेल तर आधी भिंतीवरचं कालनिर्णय पाहावं, खोलीचं बुकिंग त्यानंतर. शनिवार-रविवार कुठे येतोय हे आमच्या घरी दुय्यम. महत्त्वाची तिथी. किनाऱ्यावरची माणसं भरतीची वेळ काढतात ती रीत सोपी आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा अंदाजे तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास समुद्र भरलेला. तृतीयेला सव्वादोन. त्यात सहा तासांहून थोडे अधिक मिळवले की सकाळी साडेआठच्या आसपास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे पहिले तीन-चार दिवस, प्रतिपदेपासून चतुर्थीपर्यंत, म्हणूनच आमच्या सोयीचे. उजाडल्यापासून पाणी मागे गेलेलं असतं, आणि संध्याकाळी उन्हं उतरतात तेव्हा ते पुन्हा मागे सरकत असतं.

हा सगळा हिशेब पायांसाठी. काशीदचा किनारा तीनेक किलोमीटर लांब, वाळू फिकट, जवळपास पांढरी. फोटोत ती छान दिसते, पण कोरडी वाळू पांढरी असो की रेवदंड्यासारखी काळपट, उन्हात तापतेच. भरतीच्या वेळी चालायला उरते ती नेमकी ही वरची, कोरडी, भुसभुशीत पट्टी. ओहोटीला खालची ओली, घट्ट वाळू उघडी पडते. ती थंड असते आणि तिच्यावर पाय रुतत नाहीत. माझ्या भुऱ्याला, म्हणजे रस्त्यावरून घरात आलेल्या गावठी कुत्र्याला, हा फरक कुणी सांगावा लागला नाही. तो गाडीतून उतरला की सरळ पाण्याच्या कडेची वाट धरतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त तळव्यांतून. बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवायची. तळवेच भाजले तर तो चालणार कसा? वाळूवर हाताची पालथी बाजू टेकवावी आणि सात आकडे मोजावेत. हात आधीच उचलावासा वाटला तर परत फिरावं. मार्च उजाडला की सकाळी दहालाच ही वेळ येते. मे महिन्यात भर दुपारी केसाळ हस्कीला या वाळूवर उभं करून फोटो काढणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचं तर उन्हाळ्यात इथं कामच नाही. त्यांना धापा टाकणंही धड जमत नाही.

तिथी ठरली की फोन. नारळी-पोफळीच्या वाड्यांत राहायची सोय करणारी घरं काशीदला आणि पुढे नांदगावपर्यंत आहेत. ‘कुत्रा चालेल ना?’ या प्रश्नाला सगळीकडे ‘चालेल’ असंच उत्तर येतं, त्यामुळे तो प्रश्न बिनकामाचा. मी विचारते ते वेगळं. तुमचा स्वतःचा कुत्रा मोकळा असतो का? मांजर व्यायली आहे का? विहिरीला कठडा आहे का? खोलीचं दार अंगणात उघडतं की थेट रस्त्यावर? एका वाडीच्या मालकीणबाईंनी मात्र मलाच उलट विचारलं, “केवढा आहे कुत्रा?”

“बावीस किलोचा.”

“वजन नको ताई, उंची सांगा. आमचा गडगा कमरेएवढा. पलीकडे जावेच्या कोंबड्या.”

मी तिथंच बुकिंग केलं. ज्या बाईला गडग्याची उंची आणि जावेचा स्वभाव दोन्ही ठाऊक आहेत, तिच्याकडे कुत्रा सुखरूप राहतो. आणि जाऊबाईंच्या कोंबड्याही.

मुंबईहून दोन वाटा. रस्त्याने पेण, वडखळ, अलिबाग, रेवदंडा, मग कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून साळाव आणि पुढे समुद्राला धरून काशीद. अलिबागपासून हे तीसेक किलोमीटर. दुसरी वाट पाण्याची. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट 2020च्या मार्चमध्ये सुरू झाली. गाडीसकट तासाभरात पलीकडे जाता येतं आणि कुत्र्याचं वेगळं तिकीट काढता येतं. वडखळच्या कोंडीत अडकण्यापेक्षा मला बोट बरी वाटते, पण गाड्यांच्या डेकवर इंजिनाची धडधड नि डिझेलचा वास असतो. भित्रा कुत्रा तिथं भेदरून जातो. त्याला आधी एखाद्या गजबजलेल्या ठिकाणी नेऊन सवय करावी. निघण्याआधी तीन-चार तास पोटात अन्न नको, पाणी मात्र थोडंथोडं. आणि चहाला थांबलात तर एकाने गाडीपाशी थांबायचं. बाहेर सत्तावीस अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत पारा सदतिसाच्या घरात जातो. काच दोन बोटं खाली ठेवून त्यात फारसा फरक पडत नाही.

किनाऱ्यावर पोचताच कुत्र्याला सोडून द्यायची घाई सगळ्यांना असते. मी आधी सुरूच्या बनात थांबते. हे बन पूर्वी दाट होतं. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं आणि या सगळ्या पट्ट्यात सुरू, नारळ, पोफळी आडव्या झाल्या. सावली आता तुकड्यातुकड्यांची आहे. तिथं बसून भुऱ्याला पोटभर गोडं पाणी पाजते. तहानलेला कुत्रा लाटेचं पाणी पितो, मग ओकाऱ्या, जुलाब, आणि फारच प्यायला तर अंगातलं मीठ वाढून जिवावर बेततं. चेंडू आणायला लावायचा खेळही मी इथं बेतानेच खेळते, कारण प्रत्येक वेळी तोंडात चेंडूबरोबर वाळू जाते आणि पोटात साठून राहते.

तेवढ्यात यजमान मंडळी येतात. किनाऱ्यावरच्या कुत्र्यांची हद्द टपऱ्यांप्रमाणे वाटलेली असते: शहाळेवाल्यापासून भजीवाल्यापर्यंत एक टोळी, तिथून घोडागाड्यांच्या थांब्यापर्यंत दुसरी. पाहुणा वरून, टपऱ्यांच्या बाजूने आला तर ती घरात शिरल्यासारखी बाब होते. पाण्याच्या कडेने गेला तर बहुधा दुरून भुंकून सोडून देतात. ओहोटीचा इथं दुसरा उपयोग: कडेची वाट रुंद होते. भेट झालीच तर दोरी सैल ठेवावी. आपण घाबरून दोरी ताणली की कुत्र्याची मान वर होते, छाती पुढे येते आणि समोरच्याला तो लढायला उभा राहिल्यासारखा दिसतो. वाकडी वाट करून, अर्धवर्तुळ घेत जावं. सरळ समोरून चालत जाणं कुत्र्यांच्या रीतीत उद्धटपणाचं. शेपट्या ताठ, अंग लाकडासारखं झालं की न ओरडता निघून जायचं. रेबीजची लस अर्थातच चालू असली पाहिजे आणि तिचं पुस्तक पिशवीत.

पाण्यात मी भुऱ्याला लांब दोरीनेच सोडते, तेही त्याच्या पोटापर्यंतच्या पाण्यात. काशीदचा समुद्र दिसायला शांत, पण आत ओढणारा आहे. पर्यटक बुडाल्याच्या बातम्या इथून येत राहतात. उधाणाच्या दिवसांत, जे दिवस मी चालायला निवडते त्याच दिवसांत, उतरतं पाणी जास्त जोराने ओढतं. कुत्रा पोहतो, हे खरं. पण तो आत गेला की त्याच्यामागे धावणारा माणूस पोहू शकेलच असं नाही.

भरतीरेषेवर नजर ठेवावी लागते ती वेगळ्याच गोष्टीसाठी. जाळ्यातून फेकून दिलेला केंड मासा तिथं पडलेला असतो, पोट फुगलेला नाहीतर सुकून चपटा झालेला. याच्या विषावर उतारा नाही. कुत्र्याला तो वाळलेल्या बोंबलाइतकाच मोहक वाटतो. त्याशिवाय गळाचे आकडे, जाळ्याचे तुकडे, काचा. ‘सोड’ हा एक शब्द घरी, बिस्किटाच्या बदल्यात, पक्का करून घेतल्याशिवाय किनाऱ्यावर यायचंच नाही, असं माझं मत आहे. बाकी ‘बस’, ‘हात दे’ नाही आलं तरी चालतं.

नऊच्या सुमारास मोटारी, घोडागाड्या, उंट, बनाना बोटीचे पुकारे सुरू होतात. तेव्हा आम्ही निघतो. विष्ठा पिशवीत उचललेली असते. ती वाळूत पुरणारे लोक, थोड्या वेळाने तिथंच किल्ला करायला बसणाऱ्या मुलांचा विचार करत नसावेत.

दिवसभर काय करायचं? पहिला मोह फणसाडचा, कारण अभयारण्य अगदी शेजारी आहे. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान 1986मध्ये अभयारण्य झालं. तिथं कुत्रा न्यायचा नाही. शेकरू, भेकर यांच्यामागे तो धावणार, त्याच्या अंगावरचे आजार रानातल्या प्राण्यांना लागणार, आणि बिबट्याच्या दृष्टीने तो सोपा घास. याच कारणाने रात्री त्याला वाडीच्या अंगणात बांधू नये, खोलीत घ्यावा. दुसरा मोह जंजिरा किल्ल्याचा. तिथं राजपुरीहून शिडाच्या होडीने जातात. होडी गच्च भरते आणि किल्ल्याच्या दरवाज्यात हलत्या होडीतून पायरीवर उतरावं लागतं. माणसांनाच ते जड जातं. म्हणून दुपारी आम्ही पंख्याखाली झोपतो. सहल फुकट गेली असं कुणाला वाटत असेल तर त्याने कुत्र्याविना यावं.

संध्याकाळच्या फेरीनंतर विहिरीच्या पाण्याने आंघोळ, कान आतून कोरडे, बोटांच्या बेचक्यांतून वाळू आणि सुरूची काटेरी फळं काढणं. मग गोचीड. कानामागे, काखेत, शेपटीखाली बोटं फिरवून शोधायचे आणि चिमट्याने कातडीलगत धरून सरळ उपसायचे. रॉकेल ओतायचं नाही. मुरूड-अलिबागच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत मुख्यत्वे गुरं-शेळ्या येतात. त्यांचे आणि घरच्या डॉक्टरांचे नंबर फोनमध्ये ठेवलेले असतात. गोचीडतापाची लक्षणं मात्र तिथं असताना दिसत नाहीत. घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांनी कुत्रा जेवण सोडतो, हिरड्या फिक्या पडतात, अंग तापतं. कुत्र्याचं अंग एरवीही आपल्यापेक्षा गरम, एकशेएक-दोन फॅरनहाइट, म्हणून हाताने अंदाज घेऊ नये, थर्मामीटर लावावा. एकशेतीनच्या वर गेला तर रक्त तपासून घ्यावं आणि डॉक्टरांना कोकणात जाऊन आल्याची तारीख आधी सांगावी.