बारीक बाईला कसला हर्निया?
“मी एवढी काटकुळी, मला कसला हर्निया?” असं म्हणून जांघेतली गाठ अंगावर काढू नका, मैत्रिणींनो! वजन वाढलं की बेंबीचा किंवा जुन्या टाक्यांवरचा हर्निया होण्याची भीती वाढते, हे खरं. पण जांघेतला हर्निया सडपातळ माणसांनाही होतो. लठ्ठपणात गाठ चरबीखाली लपू शकते. मांडीच्या मुळाशी होणारा प्रकार तर पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि त्यात आतडं अडकण्याचा धोकाही मोठा. खोकताना, बादली उचलताना गाठ वर येते, आडवं झाल्यावर जाते? लाज न धरता डॉक्टरांना दाखवा. गाठ आत जाईना, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट न पाहता तडक इस्पितळ गाठा. पट्टा बांधून हे भोक बुजत नाही, उपाय शस्त्रक्रियाच.