आरोग्याची सवय टिकावी कशी?

कात्रजच्या तलावाचे पाणी पुणे शहरास मिळावे म्हणून नानासाहेब पेशव्यांच्या काळी, अठराव्या शतकाच्या मध्यास, भूमिगत नळ बांधण्यात आला. त्यावर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवण्यात आले होते. नळ बांधला म्हणजे काम संपले असे होत नाही; त्याची निगाही सतत राखावी लागते. मुलांच्या आरोग्यविषयक सवयींचेही असेच आहे.

हात धुण्याचे महत्त्व मुलांस ठाऊक नसते असे नाही. विचारताच सारा वर्ग एका सुरात उत्तर देतो. पण जेवणाची घंटा होताच तीच मुले थेट ताटाकडे धावतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे अनेक रुग्ण आढळले. काहींच्या तपासणीत दूषित पाणी व अन्न यांतून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. अशा वेळी सारेच सावध होतात. साथ ओसरली की सावधपणाही ओसरतो. भीतीने सवय सुरू होते, पण टिकत नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास सुमारे ६६ दिवस लागल्याचे दिसून आले. काहींना १८ दिवस पुरले, तर काहींना याहून पुष्कळ अधिक लागले. एखाद्या दिवशी खंड पडल्याने मात्र विशेष बिघडत नाही, असेही त्यात आढळले. यास्तव ‘स्वच्छता सप्ताह’ ही केवळ सुरुवात समजावी.

शिक्षकांनी नवी कृती जुन्या, ठरलेल्या कृतीस जोडावी. जेवणाची घंटा झाली की आधी हात, मग ताट, हा क्रम कधीही मोडू नये. साबण कपाटात कुलूपबंद नसावा. पाण्याजवळ, मुलांच्या हाताशी असावा. शिक्षकांनी स्वतः त्याच रांगेत उभे राहून हात धुवावेत. उपदेशापेक्षा मुले अनुकरणाने अधिक शिकतात. विसरलेल्या मुलास चारचौघांत लाजवू नये, शांतपणे परत पाठवावे.

उन्हाळ्याच्या सुटीत सवय सुटते, हे गृहीत धरून जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा. यात कमीपणा नाही. नळातला गाळ दरसाल काढावाच लागतो. तो काढला, तरच पाणी वाहते राहते.