बांबोळीचा सडा आणि कॅसलरॉकचे रान

परकी सत्तेने मागे टाकलेला लष्करी तळ पाहावयाचा तर सातासमुद्रापलीकडे जावे लागते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. खानापूरकरांस त्यासाठी लोंढा, तिनईघाट, कॅसलरॉक एवढीच वाट पुरे. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत कॅसलरॉकच्या खाली युरोपातील एका राज्याची हद्द सुरू होत असे. मुरगाव बंदरातून घाट चढून येणारा लोहमार्ग १८८८ साली खुला झाला, तेव्हापासून कॅसलरॉक हे सरहद्दीचे आणि जकातीचे स्थानक होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्यानंतर भारताने नाकेबंदी केली आणि ही वाहतूक थांबली. घाटाखाली तीन-चार हजार पोर्तुगीज सैनिक, मुरगावच्या पाण्यात एक युद्धनौका, दाबोळीचा नवा विमानतळ आणि पणजीनजीक बांबोळीच्या सड्यावर बिनतारी संदेशकेंद्र, एवढा तो तळ होता. आजच्या निमित्ताने या संदेशकेंद्राविषयी, आणि त्याच्याशी सहा वर्षे शब्दांनी झुंजलेल्या आपल्या रानातील दुसऱ्या एका केंद्राविषयी विवेचन करावयाचे आहे.

मायदेशापासून हजारो मैलांवर असलेल्या तळाला दारूगोळ्याइतकीच बातमीची गरज असते. त्या काळी उपग्रह नव्हते. लिस्बनशी बोलावयाचे ते लघुलहरींवरून. या लहरी पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या भागात असलेल्या आयनांबर नावाच्या विद्युत्भारित थरावर आदळून परत फिरतात; तिरक्या सोडल्या तर कित्येक हजार किलोमीटरांवर उतरतात, आणि तेथून पुन्हा उसळी घेऊन आणखी पुढे जातात. गंमत अशी की, याच कारणाने लांबचा माणूस ऐकतो आणि मधल्या पट्ट्यातला बहिरा राहतो. जवळच्या मुलुखाला ऐकवावयाचे तर लहरी जवळजवळ सरळ वर सोडाव्या लागतात. मग त्या छत्रीसारख्या खाली पसरतात आणि मधले डोंगर त्यांना अडवीत नाहीत. लांबच्या संदेशांसाठी उंच खांब आणि मोकळी, सपाट जागा लागते. बांबोळीचा जांभ्या दगडाचा सडा अशा कामास सोयीचा होता.

१४ डिसेंबर १९६१ रोजी सालाझार यांनी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांस संदेश पाठविला. त्याचा आशय असा की, शरणागती नाही. पोर्तुगीज सैनिक विजयी तरी असतील किंवा मृत तरी. किमान आठ दिवस झुंजावे, म्हणजे जगातील राष्ट्रांना मध्ये पडण्यास अवकाश मिळेल, अशीही अपेक्षा होती. लिस्बनमध्ये बसून असा हुकूम सोडणे सोपे. तो पाळावयाचा होता जुन्या शस्त्रांच्या आणि तुटपुंज्या शिबंदीच्या बळावर. बिनतारी यंत्राचा हा एक दोष म्हणावा लागेल, की त्यातून आज्ञा तत्काळ येते, परिस्थिती मात्र तितक्या लवकर परत जात नाही.

आता घाटमाथ्याकडे वळू. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी पोर्तुगीज आणि कोकणी भाषांतून बोलणारे एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्याचे नाव ‘गोंयच्या सडवणेचो आवाज’. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोघे ते चालवीत. आरंभी निकोलाव मिनेझिस हेही सोबत होते. प्रक्षेपक ट्रकवर बसविलेला होता. त्यासाठी लागणारी यंत्रे आली ती १९५४ साली दादरा-नगर हवेली मुक्त झाली तेव्हा पोर्तुगीजांकडूनच हाती लागलेल्या सामग्रीतून! केंद्र प्रथम आंबोलीच्या जंगलात होते; पुढे कॅसलरॉकच्या रानात आले. लिबियाबाईंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत इटालियन युद्धकैद्यांच्या पत्रव्यवहाराच्या तपासणीचे काम केले होते आणि नंतर आकाशवाणीतही नोकरी केली होती. दुसऱ्याचे शब्द कान देऊन वाचण्याची ही शिस्त त्यांना रानात उपयोगी पडली असेल, असे वाटल्यावाचून राहत नाही.

कारण हे केंद्र जितके बोलणारे होते तितकेच ऐकणारे होते. पोर्तुगीज नभोवाणी काय सांगते ते टिपावयाचे, वृत्तपत्रे चाळावयाची, आणि खोडून काढण्याजोगे ते खोडून काढावयाचे, असा नित्यक्रम. अंगोला, मोझांबिक येथील घडामोडी, जगात ठिकठिकाणी वसाहती मुक्त होत असल्याच्या वार्ता गोव्यातील माणसाला सेन्सॉरच्या कात्रीमुळे कळत नसत. त्या या आवाजातून कळू लागल्या. कॅसलरॉकचा पावसाळा आपल्या भागातील मंडळींना ठाऊक आहे. जळवा, साप आणि कुंद धुके यांच्या संगतीत दोन सुशिक्षित तरुण माणसांनी एकूण सहा वर्षे रानात काढली. प्रक्षेपक बोलू लागला की तो कोणत्या दिशेस आहे हे शत्रूला शोधता येते. परंतु सरहद्द ओलांडून तेथवर येण्याची सोय पोर्तुगीजांना नव्हती. सैन्य निघण्यापूर्वीच्या दिवसांत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी गव्हर्नर जनरलांस शरण येण्याचे आवाहन याच केंद्रावरून केले.

१८ डिसेंबरची सकाळ. ६३ वी पायदळ ब्रिगेड अनमोडहून मोले मार्गे पूर्वेकडून गोव्यात उतरत होती. कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली. इमारतींना हात लावू नये अशी ताकीद होती आणि ती पाळली गेली. बांबोळीचे काम मात्र आपल्या सांबऱ्याकडे आले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने बांधलेल्या या धावपट्टीवरून १७ व्या स्क्वाड्रनची सहा हंटर विमाने उडाली आणि अग्निबाण व तोफा यांच्या माऱ्याने त्यांनी ते संदेशकेंद्र निकामी केले. बेळगाव ते बांबोळी हे अंतर अशा विमानाला काही मिनिटांचेच.

केंद्र गेले तरी दुवा तुटला नव्हता. मुरगावबाहेर नांगरलेल्या ‘आफोन्सो द अल्बुकर्क’ या युद्धनौकेवर बिनतारी यंत्र होते आणि लिस्बनशी संपर्काचा भार तिच्यावर आला. दुपारच्या सुमारास भारतीय नौदलाच्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या फ्रिगेटींनी तिला गाठले. कप्तान आरागाँव गंभीर जखमी झाले आणि नौका किनाऱ्यावर चढविण्यात आली, तीही बांबोळीच्याच किनाऱ्यावर. वर सड्यावर मोडलेले केंद्र, खाली वाळूत रुतलेली नौका: तळाची दोन्ही मुखे एकाच गावाच्या हद्दीत मिटली.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठच्या सुमारास वास्को येथे मोटारीच्या दिव्यांच्या उजेडात वासालो इ सिल्वा यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली. लिस्बनचा आवाज कानाशी नसताना त्यांना समोरची माणसे दिसली, असे मला वाटते. इतिहासकार याहून सावध भाषा वापरतील. पण आठ दिवसांची झुंज दीड दिवसात थांबली आणि हजारो सैनिक १९६२ च्या मे महिन्यात जिवंत घरी पोचले, हे तर खरेच. या शहाणपणाबद्दल १९६३ साली त्यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. १९७४ च्या क्रांतीनंतर सन्मान परत मिळाला. १९८० साली ते गोव्यात आले, तेव्हा लोकांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले.

ज्यांना आज हा तळ पाहावयाचा आहे त्यांनी पडक्या भिंतींची फारशी आशा धरू नये. दाबोळी नौदलाकडे गेले आणि प्रवासी विमानेही तेथून उडू लागली. ‘आफोन्सो’ मुंबईस ओढून नेऊन भंगारात काढण्यात आली, तिचे काही भाग नौदलाच्या संग्रहालयात ठेवले गेले. बांबोळीच्या सड्यावर वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय उभे राहिले. लगतच्या छावणीत भारतीय सेनेच्या सिग्नल दलाचे जवान संदेशवहनाचे शिक्षण घेतात.

रानातल्या केंद्राचा शेवट आकाशात झाला. १९ डिसेंबर रोजी सरदेसाई आणि लिबिया लोबो यांना हवाई दलाच्या विमानात बसविण्यात आले, आणि ध्वनिवर्धकावरून गोवा मुक्त झाल्याचे सांगत ती दोघे गोव्यावर फिरली. पुढे ती विवाहबद्ध झाली. वामनरावांना १९९२ साली पद्मश्री मिळाली. लिबियाबाईंना ती मिळाली २०२५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी.